माळ्यावरची चित्रे

चित्रकार म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे एक ठराविक माणूस उभा राहतो. मानेवर रुळणारे केस, खादीचा झब्बा, बोटांत सिगारेट आणि घरादाराचा पत्ता नाही! वार्षिकांकासाठी लेख मागायला जे दोन विद्यार्थी आले, त्यांच्याही मनात बहुधा हाच माणूस असावा. कारण ओट्यावर बनियन घालून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारले, "पेंटर काका घरात आहेत का?"

मीच तो. ऐंशी ओलांडली आहे, केस कधीच गेले आहेत आणि सिगारेट परवडली नाही म्हणून लागली नाही.

शिंदखेड्यासारख्या गावात चित्रकार होणे म्हणजे आधी पेंटर होणे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे फलक, पोळ्याला बैलांची शिंगे, गणपतीचे डोळे, निवडणुकीच्या भिंती. पुढे शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून लागलो, तरी पाट्या सुटल्या नाहीत. फ्लेक्स आला तेव्हा त्या सुटल्या, म्हणजे सोडवल्या गेल्या! पाटीच्या पैशातून मांजरपाट आणायचा, लाकडी चौकटीवर ताणून बसवायचा, सरस आणि खडूच्या पुडीचा हात द्यायचा, आणि तो वाळला की माझे खरे काम सुरू. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. चैत्र-वैशाखात जलरंगाचा हात कागदावर पसरायच्या आत वाळून जातो. कागद पाठीमागून भिजवून घ्यावा लागे आणि काम सूर्य वर यायच्या आत उरकावे लागे. दहानंतर बुराई नदीचे पात्र, बाभळी, धाबे, सगळे एकाच पांढऱ्या झगमगाटात बुडते. मुंबईपुण्याच्या चित्रकारांची पुस्तके वाचून सावलीत निळा रंग भरायला मी शिकलो होतो. आमच्या दुपारी सावलीच सापडेना, तर निळा भरू कुठे?

हे प्रश्न मी मांडायचो ते एका शिंप्याच्या दुकानात. संध्याकाळी तिथे आमची बैठक जमे. शिंपीदादा स्वतः अहिराणीत गाणी रचत. एक मराठीचे शिक्षक होते, ते कविता करीत आणि कोणाला दाखवीत नसत. फोटो स्टुडिओ असलेला एक दोस्त होता आणि भजनी मंडळातला एक पेटीवाला. जगातल्या कुठल्याही कलासमीक्षकाने मला जे शिकवले नसते, ते या चौघांनी शिकवले. एकदा एका शेतकऱ्याचे मोठे चित्र दुकानात नेऊन ठेवले. शिंपीदादांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, हाई धोतर शिवेल दिखस, नेसेल नही." मी महिनाभर धोतरे बघत हिंडलो. दोंडाईच्याला वाळत घातलेल्या मिरचीचे लालभडक रान मी शिंका देत देत रंगवून आणले, तर फोटोवाला म्हणाला, "लाल झकास आहे, पण ठसका कुठे आहे?" तेव्हा राग आला होता. आज ते चित्र पाहताना त्याचेच म्हणणे खरे वाटते.

बैठकीत एक वाद कधी मिटला नाही. कलावंताने गाव सोडावे की गावात राहावे? सोडावे म्हणणाऱ्यांकडे राम सुतारांचे उदाहरण होते. आपल्याच जिल्ह्यातल्या गोंदूरचे, सुतारकाम करणाऱ्या घरातले. श्रीराम कृष्ण जोशी या गुरुजींनी हात ओळखला, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९५३ साली मेयो पदक मिळाले, १९५४ ते ५८ अजिंठा-वेरुळात भग्न मूर्तींची डागडुजी केली आणि मग दिल्ली गाठली. नर्मदेकाठचा सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा २०१८ साली उभा राहिला तो त्यांच्याच आराखड्यावर. मुलगा अनिल याच कामात त्यांच्या बरोबरीने उभा राहिला. वयाची शंभरी पाहून २०२५ च्या डिसेंबरात ते गेले.

राहावे म्हणणाऱ्यांकडे होते चाळीसगावचे कैकी मूस. हा पारशी माणूस १९१२ साली मुंबईत जन्मला, इंग्लंडला जाऊन कमर्शियल आर्ट शिकला, १९३८ च्या सुमारास परतला आणि चाळीसगावच्या स्टेशनजवळच्या दगडी घरात जो शिरला, तो १९८९ च्या ३१ डिसेंबरपर्यंत जवळजवळ तिथेच राहिला. घराला नाव दिले 'रेम्ब्राँज रिट्रीट'. रेम्ब्राँचा विसावा, आणि तोही आपल्या खानदेशात! चित्रे, शिल्पे, लाकडातले काम, सतार आणि मुख्य म्हणजे छायाचित्रे. टेबलावर चार वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश टाकून, कॅमेऱ्यातून अख्खा देखावा उभा करायचा, ही त्यांची खासियत. आमच्या फोटोवाल्या दोस्ताला त्याचे वेड होते. त्यानेही स्टुडिओत कापूस पसरून हिमालय करून पाहिला. तो कापसाचाच दिसला, ही गोष्ट वेगळी.

लोक कैकींच्या एकांताच्या कथा रंगवून सांगतात. मुंबईची कोणी प्रेयसी येईल म्हणून ते रोज रात्री पंजाब मेलची वाट पाहत, दोघांचे जेवण मांडून ठेवत, असे म्हणतात. खरे असेल, नसेल. मी त्यांचे घर पाहिले ते त्यांच्या पश्चात, संग्रहालय झाल्यावर. धुळ्याहून गाडीने गेलो. तिथे मला ती कथा आठवली नाही. माझ्या मनात दुसरेच आले. त्यांच्या आईवडिलांचे चाळीसगावात सोडावॉटरचे आणि मद्याचे दुकान होते. पोराने बाहेर पडून नोकरी धरली नाही, तरी घराला त्या दुकानाचा आधार होता. थोरामोठ्यांची त्या घरी ये-जा होती. आणि ते गेल्यावर त्या वस्तू जपायला एक प्रतिष्ठान उभे राहिले. म्हणजे एकांतसुद्धा कोणीतरी पुरवावा लागतो! आमचा वाद गाव सोडण्याचा होता. खरा प्रश्न घर कोण ओढते आणि मागचे कोण जपते, हा होता.

माझे घर कोणी ओढले ते सांगतो. ७२ च्या दुष्काळात मी अजून शाळेत लागलो नव्हतो. बाजारच नाही, तर पाट्या रंगवून घेणार कोण? आमच्या सौभाग्यवती शिंपीदादांकडून शर्ट आणून घरी काजे करू लागल्या. घरात कंदील एक. तो त्यांच्या बाजूला ठेवायचा की माझ्या चौकटीच्या, यावर रोज रात्री कुरबूर. जवसाच्या तेलावरून निराळीच. "फोडणीला तेल मोजून, आणि चित्राला बाटलीभर!" शेवटी मी तोड काढली. कंदील त्यांच्याकडे ठेवला आणि त्यांनाच रंगवायला बसलो. वाकलेली मान, सुई, मांडीवरचा पांढरा शर्ट, त्यावर पडलेला पिवळा उजेड. माझ्या हातून झालेले सर्वांत बरे चित्र ते. ही गोष्ट मी चित्रकार म्हणून सांगतो, नवरा म्हणून नव्हे.

सध्या आमच्या घराचे काम काढायचे घाटते आहे. मुलगा सुरतेला असतो. धाबे उतरवून स्लॅब टाकायचा त्याचा विचार आहे. फोनवर त्याने सरळ विचारले, "बाबा, माळ्यावरच्या चित्रांचं काय करायचं?" त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. दोन खोल्यांत राहणारा माणूस दीडशे चौकटी ठेवणार कुठे?

विन्सेंट व्हॅन गॉग १८९० साली गेला, सहा महिन्यांत भाऊ थिओ गेला, आणि तान्हे मूल घेऊन उरलेल्या थिओच्या बायकोने, जोहानाने, ती न खपलेली चित्रे सांभाळली, पुढे पत्रेही छापली. लांब कशाला, आपल्या बहिणाबाई घ्या. असोद्याच्या या बाईला अक्षर येत नव्हते. सोपानदेवांनी आणि घरच्या माणसांनी टिपून ठेवले नसते, तर १९५१ साली त्यांच्याबरोबर सगळेच गेले असते. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. माझी चित्रे त्या तोलाची नाहीत, हे मला पक्के माहीत आहे. पण वाळवीला तोल कळत नाही.

दिवाळीत मुलगा आला तेव्हा आम्ही सगळी चित्रे अंगणात उतरवली. काही वाळवीने आरपार खाल्लेली, ती बंबात गेली. शिंपीदादांचे चित्र त्यांच्या नातवांना दिले. दुकान आता रेडिमेड कपड्यांचे आहे, पण आजोबा काउंटरमागे टांगले आहेत, हातात कात्री घेऊन. पेटीवाल्याचे त्याच्या मुलीने नेले. कविता लपवणाऱ्या सरांचे न्यायला कोणी नाही, ते मी ठेवले.

कंदिलाचे चित्र सूनबाईंना फार आवडले. नव्या हॉलमध्ये हेच लावायचे, असे त्यांनी आणि नातीने ठरवूनही टाकले. सौभाग्यवती इतका वेळ पायरीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "नको. पुन्हा ते दिवस कशाला भिंतीवर? आणि यांनी मला विचारून काढलं नव्हतं." नात म्हणाली, "आजी, तू किती छान दिसतेस यात." त्या म्हणाल्या, "बोट बघ. सुई टोचून सुजलंय. तेसुद्धा काढून ठेवलंय यांनी."

मी जवळ जाऊन पाहिले. डाव्या तर्जनीवर तांबूस रंगाचा एक ठिपका आहे खरा. पन्नास वर्षे मी तो कंदिलाच्या उजेडाचा समजत होतो.

चित्र हॉलमध्ये लागणार नाही. सुरतेला न्यायचे की इथेच ठेवायचे, यावर अजून बोलणी चालू आहेत. तूर्त ते जुन्या धोतरात गुंडाळून कपाटावर ठेवले आहे. काम पावसाळ्याआधी व्हायला हवे, असे गवंडी म्हणतो.