उपरा कोण, घरचा कोण?

पाऊस सुरू झाला की शहरात आपल्याला भजी आठवतात आणि तुंबलेले रस्ते. आमच्या गेवराईत बेडूक निघतात. सोलापूर-धुळे हायवेवरचं हे तालुक्याचं गाव आता चहुबाजूंनी वाढलंय. नव्या कॉलनीत रात्री पोर्चच्या दिव्याखाली जाडजूड, खरखरीत पाठीचे हे महाशय ठाण मांडून बसतात.

गेल्या पावसाळ्यात कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज फिरला : ‘परदेशी विषारी बेडूक आलेत. दिसला की मीठ टाका.’ लगेच आईचा मला पुण्याला फोन. ‘‘अगं, शेजारचे काका मिठाची पुडी घेऊनच फिरतायत. आपण पण टाकायचं का?’’

फॉरवर्ड दिसला की माझ्यातली पत्रकार जागी होते. ‘‘थांब जरा,’’ म्हटलं आणि शोधायला बसले.

परदेशी बेडकाची गोष्ट खरी आहे, पण ऑस्ट्रेलियातली. १९३५ मध्ये उसावरचे भुंगेरे खायला म्हणून हवाईहून क्वीन्सलँडमध्ये शंभरेक ‘केन टोड’ आणले गेले. भुंगेरे राहिले बाजूला, टोडच देशभर पसरत सुटले आणि त्यांना खाऊन तिथले प्राणी मरू लागले. गेवराईच्या पोर्चमधला मात्र आपला नेहमीचा आशियाई टोड, म्हणजे भेक. इथे तो पिढ्यान्पिढ्यांचा रहिवासी आहे. उपरं कुणी असेलच, तर आपलं प्लॉटिंग!

गंमत बघा, याच टोडचे आग्नेय आशियातले भाऊबंद मादागास्करच्या तोआमासिना बंदराजवळ २०१४ मध्ये नोंदवले गेले. बहुधा जहाजाच्या कंटेनरमधून पोचले असावेत. तिथल्या बहुतेक प्राण्यांना त्यांचं विष झेपत नाही, म्हणून तिथे ते खलनायक. इथे तेच वाळवी, मुंग्या, किडे फस्त करतात.

काकांचा प्रश्न होता, ‘‘म्हणजे विषारी नाही म्हणतेस?’’ आहे ना काका. डोळ्यांमागच्या ग्रंथींत विष असतं. पण तो चावत नाही, आणि त्याला हात लावून चामखीळही येत नाही. ती व्हायरसमुळे येते. बाथरूममध्ये शिरला तर सुपलीत घेऊन बाहेर सोडा, हात धुवा. मोरीला जाळी लावा. पोर्चचा दिवा रात्रभर नको, किडे आले की मागोमाग टोड येतो. कुत्र्याने तोंडात धरला तर तोंड पाण्याने धुऊन डॉक्टर गाठा. मीठ मात्र नको, ओल्या कातडीला ते जाळतं.

खरा परदेशी पाहुणा आमच्याकडे वेगळाच आहे : आफ्रिकन शंखी गोगलगाय. १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्यात आणली गेली. २०२२ च्या खरिपात बीड, लातूर, उस्मानाबादमध्ये गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं खाऊन टाकली, लोकांना दुबार पेरणी करावी लागली. तिच्यासाठी मेहनत करा : गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं रात्री अंथरा, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवा.

काकांची पुडी आता त्याच कामाला लागलीय. आणि तुम्ही फ्लॅटवाले हसू नका. ही गोगलगाय नर्सरीच्या कुंडीतूनही प्रवास करते. वीकएंडला बाल्कनीसाठी रोप घ्याल, तेव्हा आधी कुंडीचा तळ बघा!