तांबडे गमबूट

आमच्या नातीने बाजारातून आमच्यासाठी तांबडेभडक गमबूट आणले, तेव्हा घरात बरीच हसाहशी झाली. काळे मिळाले नाहीत का, असे आम्ही विचारले. “मिळत होते की! पण आजोबा, काळे तुम्ही ऑफिसात पुष्कळ घातलेत.” यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. चर्चगेट लोकलच्या गर्दीत पस्तीस वर्षे तुडवले गेलेले आमचे पाय खरोखरच काळ्या बुटांत होते.

निवृत्तीनंतर आम्ही वसईची वडिलोपार्जित वाडी पाहू लागलो. वाडी फार मोठी नव्हे. केळी, थोडी भाजी, तगरीची झाडे आणि गोठ्यात एक म्हैस. पहिल्याच पावसाळ्यात आमच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. डॉक्टरांनी मलम दिले आणि बजावले, की अशा पायांनी साचलेल्या पाण्यात उतरू नका. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस याच वाटेने शरीरात शिरतो. २६ जुलै २००५ च्या जलप्रलयानंतर मुंबईत त्याची साथ पसरली होती, हे आमच्या स्मरणात होते. गमबूट आले ते असे.

तरीही ते घालून वाफ्यात उतरताना संकोच वाटला. आमचे वडील वहाणा बांधावर काढून मगच वाडीत पाऊल टाकीत. बुटांचा त्यांचा एकच जोड होता, तोही रविवारी मिस्साला जाण्यापुरता. त्यांचे पाय आम्ही नीट पाहिले ते शवपेटीत ठेवण्यापूर्वी त्यांना मोजे घालताना. टाचांच्या भेगांत मोज्याचा धागा अडकत होता. डाव्या पायावर कोयत्याचा जुना व्रण होता. तो केव्हाचा, हे आम्ही त्यांना कधी विचारले नव्हते. “हळू ओढ रे, दुखेल त्यांना,” असे आमची थोरली बहीण म्हणाली, आणि आम्ही खरेच हळू ओढला.

पण संकोच टिकला तो दोन दिवस. गोठा धुताना पायांवर शेणपाणी उडते आणि आपण कोरडेच राहतो, यात केवढे सुख आहे! तुंबलेला पाट मोकळा करायला आता आम्ही मुद्दाम मधोमध उभे राहतो. शेजाऱ्याने कुंपणावरून विचारले, “काय हो, कुठे आग लागली?” आम्ही त्यास इतिहास ऐकविला. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह केला तो याच वसईत. त्यातून पेटलेल्या युद्धात १८०३ साली असईची लढाई जिंकणारा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि इंग्रज आजही गमबुटांना ‘वेलिंग्टन’ म्हणतात. त्याचे बूट चामड्याचे होते. रबराचे पुढे १८५३ च्या सुमारास फ्रान्समध्ये निघाले. शेजारी म्हणाला, “पण ते तांबडे नसतील!”

या बुटांची काही पथ्ये आहेत. रात्री ते काठीवर पालथे घालावेत, आणि सकाळी झटकल्यावाचून पाय आत घालू नये. एकदा आतून बेडकाने उडी मारली, तेव्हा आमचीही उडी तेवढीच झाली. भाताच्या लावणीला मात्र ते कुचकामी. चिखल बूट धरून ठेवतो आणि पाय तेवढा वर येतो. खाचरातल्या बायका अजून अनवाणीच असतात, हे पाहून आमच्या तांबड्या ऐटीची थोडी लाज वाटते.

परवा थोरली बहीण माहेरपणाला आली. वय अठ्ठ्याहत्तर. ओट्याशी पालथे घातलेले बूट तिने उचलले, झटकले, लुगडे वर खोचले आणि दोन मापे मोठे असूनही ते घालून ती थेट बावखलाकडच्या डबक्यात जाऊन उभी राहिली. आम्ही हात धरायला धावलो. तिने हात झिडकारला, एक पाय पाण्यात आपटला आणि विचारले, “निळे मिळतात का रे?”