आधी परीक्षा, मग टाकीत प्रवेश!

नदीतल्या माशाची एक मोठी सोय असते. एका जागचं पाणी मानवलं नाही, तर शेपटी हलवत तो दुसरीकडे निघून जातो. घरच्या फिशटँकमधल्या माशाला मात्र ही मुभा नाही. आपण आत जे ठेवू, त्याच्या सोबतीनंच त्याला राहावं लागतं. म्हणूनच माझी टाकी दगड, लाकूड, पानं अशा निसर्गातल्या वस्तूंनी सजवायला मला आवडत असलं, तरी प्रत्येक वस्तूची मी आधी परीक्षा घेतो.

मागं माझी भाची गुहागरहून पिशवीभर शिंपले घेऊन आली. "मामा, हे टाकीत घालूया ना! अगदी खरेखुरे आहेत!" मी म्हटलं, "आधी परीक्षा!" एका शिंपल्यावर आम्ही व्हिनेगरचे चार थेंब टाकले. लगेच बारीक बुडबुडे फसफसून वर आले. भाची बघतच राहिली!

असं का झालं? शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो. चुनखडी, संगमरवर आणि प्रवाळही त्याचेच. आम्लाशी गाठ पडली, की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. टाकीच्या पाण्यातही हे पदार्थ हळूहळू विरघळतात आणि पाणी जड होतं. गप्पी माशांना ते चालतं. पण आमच्या टाकीत होते निऑन टेट्रा. ते मूळचे मृदू पाण्यातले. भाची जरा हिरमुसली. पण मग तिनंच शिंपले बरणीत भरून टाकीशेजारी मांडले. (प्रवाळ तर घरी आणूच नका. समुद्रातून ते काढायला आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे.)

मग टाकीत काय ठेवायचं? आपल्या सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तो घडला. त्याचा पाण्यावर सहसा परिणाम होत नाही. मात्र त्याच्या छिद्रांत कधी कधी पांढरे खडे असतात. त्यांतले काही कॅल्साइटचे, म्हणजे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेटच! तेव्हा त्या पांढऱ्या ठिपक्यांवरही थेंब टाकून बघा. धारदार कडांचा किंवा गंजासारखे डाग असलेला दगड नको. साबण न लावता तो ब्रशनं खसाखसा घासा. उकळू मात्र नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटू शकतो.

नारळाची करवंटीही छान. खोबरं आणि शेंड्या पूर्ण काढून ती उकळायची आणि बाबांकडून कडेला एक दार पाडून घ्यायचं. झाली माशांची गुहा! लाकूड हवं तर कडक वाळलेलं घ्या. ओलं लाकूड पाण्यात कुजतं. कण्हेर विषारी, तिला हात लावू नका. लाकूड बादलीत भिजत ठेवलं, की पाणी चहासारखं तांबूस होतं. ते बदलत राहा आणि लाकूड तळाशी बसू लागलं, की मगच टाकीत ठेवा.

नवी वस्तू ठेवल्यावर चार दिवस मासे नीट न्याहाळा. ते वर येऊन धापा टाकू लागले किंवा खाणं सोडून कोपऱ्यात बसले, तर ती वस्तू लगेच काढा आणि थोडं पाणी बदला. ती कितीही सुंदर दिसत असली तरी!