भावाने ‘पोर्तुगीज’ केलं त्यानंतर

गोव्यात, आमच्या डिचोलीत ‘पोर्तुगीज करणे’ म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लिस्बनात जन्माची नोंद करायची, तिथलं ओळखपत्र घ्यायचं, मग पासपोर्ट आणि, 2020 संपेपर्यंत तरी, मग इंग्लंड. माझ्या धाकट्या भावाने हेच केलं. त्यात आमची जी धावपळ झाली ती लिहून काढते, कारण हल्ली कुणी ना कुणी ओळखीचं चौकशीला घरी येतंच.

हे मुळात शक्य होतं ते बाबांमुळे. 1961 च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात आलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. मार्च 1962 च्या नागरिकत्व आदेशाने, 20 डिसेंबर 1961 पूर्वी इथं जन्मलेले लोक भारतीय ठरले. ज्याला आधीचंच नागरिकत्व ठेवायचं होतं त्याने महिन्याभरात तसं लेखी द्यायचं होतं. आजोबांनी काही दिलं नाही. बाबा कुठंही सही न करता भारतीय झाले, पुढे सरकारी शाळेत मास्तर झाले. पोर्तुगालला मात्र हे मान्य नव्हतं. तिथली हुकूमशाही एप्रिल 1974 मध्ये कोसळली आणि 31 डिसेंबर 1974 च्या करारात त्यांनी गोव्यावरचा भारताचा हक्क मानला. तोवर त्यांच्या दप्तरी बाबा त्यांचेच नागरिक होते. म्हणून मुक्तीआधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना ते नोंद करू देत आले.

2018 मध्ये भावाने एक एजंट गाठला. आधी बाबांची नोंद, मग आईबाबांच्या लग्नाची, मग भावाची, असा क्रम होता. बाबांच्या जन्माचा तेओर, म्हणजे जुन्या नोंदीची पूर्ण नक्कल, काढली आणि पहिली अडचण आली. आमचं आडनाव ‘श’ने सुरू होतं. पोर्तुगीज नोंदीत तो ‘श’ एक्सने लिहिलेला, शाळेच्या दाखल्यात एसएचने. आजोबांचं नाव तर तीन कागदांवर तीन तऱ्हांचं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, अशी प्रतिज्ञापत्रं करण्यात पावसाळा गेला.

बाबांना वेगळीच काळजी होती. ‘‘माझं पेन्शन जाईल का रे?’’ असं ते एजंटला विचारत. तो हसून म्हणे, ‘‘मास्तर, नुसती जन्माची नोंद आहे, काही होत नाही.’’ हे उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, असं 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 सांगतं. पण नुसत्या नोंदीने ते संपतं का, यावर गोव्यात बराच वाद झालाय. काही आमदारांच्या निवडीलासुद्धा याच मुद्द्यावर आव्हान दिलं गेलं होतं. बाबांनी मुलासाठी सही केली. स्वतःचं ओळखपत्र किंवा पासपोर्ट मात्र काढला नाही.

2019 मध्ये भावाचं पोर्तुगीज ओळखपत्र आलं. तेव्हा तो मस्कतला नोकरीला होता. भारतीय पासपोर्ट सवडीने परत करू, असं एजंटने सांगितलं. त्यामुळे त्यानंतरही भाऊ त्याच पासपोर्टवर ये-जा करत राहिला. पुढे पोर्तुगीज पासपोर्ट आला. 2020 संपल्यावर युरोपीय पासपोर्टवर इंग्लंडात राहण्याची वाट बंद होणार होती, म्हणून तो घाईने मस्कतहून थेट स्विंडनला गेला. भारतीय पासपोर्ट बॅगेतच राहिला.

2023 मध्ये भाऊ तिथून तो परत करायला गेला तर ओळखपत्राची तारीख आणि पासपोर्टवरचे शिक्के समोरासमोर ठेवले गेले. नागरिकत्व गेल्यावरही प्रवास केला, असा ठपका आला. 2022 च्या अखेरीस परराष्ट्र मंत्रालयाचं परिपत्रक निघाल्यापासून, अशी माहिती लपवली म्हणून पासपोर्ट जमा करून घेण्याऐवजी थेट रद्द होऊ लागले होते. त्याचाही झाला. जमा केल्याचा दाखला मिळाला नाही, आणि त्याशिवाय ओसीआय कार्डाचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज पुढे सरकेना. 2024 मध्येही याबाबतचे नियम बदलत राहिले. कालचं उत्तर आज चालेल याचा भरवसा नव्हता.

त्याच वर्षी बाबा न्हाणीघरात पडले, खुबा मोडला. भावाने व्हिसाचा अर्ज केला, तर त्यातही जुन्या भारतीय पासपोर्टचं काय झालं हे विचारलेलं. बाबा रोज विचारायचे, ‘‘कागद झाला काय?’’ मी रोज ‘उद्या होईल’ म्हणायचे. ऑपरेशन त्याच्याविना झालं.

शेवटी मडगावच्या एका वकीलबाईंनी मार्ग काढला. त्यांनी प्रत्येक कागदाची तारीख एका कोऱ्या पानावर क्रमाने लिहायला लावली आणि पासपोर्ट रद्द केल्याचा आदेश न लपवता अर्जासोबत जोडला. व्हिसा मिळाला. एवढा जाच कशासाठी, असं मी चिडून म्हटलं तेव्हा त्यांनी मोन्सिन्योर मोंतेरो यांचा खटला सांगितला. हे गोव्याचेच पाद्री. 1962 मध्ये त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व ठेवलं. पुढे राहण्याचा परवाना संपला आणि परदेशी नागरिकांच्या कायद्याखाली त्यांना शिक्षा झाली. गोवा व्याप्त प्रदेश आहे, मला जिनिव्हा कराराचं संरक्षण आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. प्रदेश भारतात सामील झाला, तिथंच लष्करी कब्जा संपला, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे जन्म इथला असला तरी इथं राहायचा हक्क कागदावरच ठरतो.

भाऊ मोप्याच्या विमानतळावर उतरला आणि परदेशी लोकांच्या रांगेत उभा राहिला. मतदार यादीत त्याचं नाव अजून होतंच. यादीचं काम पाहणाऱ्या बीएलओंना भेटून नाव वगळायचा सात नंबरचा फॉर्म भरला आणि ते काढून घेतलं. त्या नावावर चुकून जरी मत पडलं असतं तरी नवं प्रकरण उभं राहिलं असतं. बाबांजवळ तो तीन आठवडे राहिला.

ओसीआय अजून झालेलं नाही. झालं तरी मत देता येणार नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. वारसाने येईल तेवढीच.

तुमच्या घरात कुणी ‘पोर्तुगीज’ करत असेल तर एवढं पाहा. ओळखपत्राच्या अर्जावर सही करण्याआधी भारतीय पासपोर्ट कधी आणि कुठे जमा करायचा हे वकिलाकडून लेखी घ्या, आणि ओळखपत्र हातात आल्यावर त्या पासपोर्टवर विमानात बसू नका. एजंटच्या तोंडी शब्दावर तर मुळीच नको. आमचा एजंट आता फोनही उचलत नाही.