गाणी न लागणारा पब

‘तिथे गाणी लागत नाहीत’ हे वाक्य मी एकाच आठवड्यात दोघांच्या तोंडून ऐकलं. सलूनमध्ये शेजारच्या खुर्चीतला तरुण मुलगा ते तक्रार म्हणून सांगत होता. बसथांब्यावर कानात मशीन लावलेले एक आजोबा तेच कौतुकानं सांगत होते, की गाणी नाहीत म्हणूनच समोरचा काय बोलतोय ते कळतं. दोघंही एकाच पबविषयी बोलत होते, उत्तर लंडनमधल्या आमच्या वस्तीतल्या वेदरस्पूनविषयी. इथे सगळे त्याला लाडानं किंवा नाक मुरडून ‘स्पून्स’ म्हणतात.

तेव्हापासून मला नादच लागला. या पबचा विषय निघाला की मी कान टवकारते. बिअर स्वस्त मिळते, यावर सगळ्यांचं एकमत. पुढे मात्र दर दोन माणसांमागे तीन मतं. जेवण पोटभर मिळतं. छे, नुसतं गरम करून वाढतात. बारवरची पोरं देवमाणसं आहेत. बारपाशी उभं राहून पाय मोडतात. टेबलं चिकट असतात. स्वच्छतागृह लख्ख असतं, पण तिथवर पोचायला जिने चढता चढता दम लागतो. भाजीवाली बाई म्हणाली, ‘मी नाही जात तिथे, पण आई रोज जाते.’ हे मत चांगलं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

वेदरस्पून ही पबची साखळी आहे. तिचा पहिला पब १९७९ साली मसवेल हिलमध्ये निघाला. काढणारे टिम मार्टिन कायदा शिकलेले. शाळेत त्यांना वेदरस्पून नावाचे एक शिक्षक होते आणि त्या शिक्षकांना वर्ग आवरत नसे, म्हणून पबला त्यांचं नाव, असं मार्टिनच सांगतात. आज ब्रिटन आणि आयर्लंड मिळून असे आठशेच्या आसपास पब आहेत. मला त्यांची सगळ्यात आवडणारी सवय म्हणजे टाकून दिलेल्या इमारती उचलणं. बंद पडलेल्या बँका, टपाल कचेऱ्या, सिनेमागृहं. होलोवे रोडवरचा ‘कॉरोनेट’ एके काळी चित्रपटगृह होता. टनब्रिज वेल्समधला पब तर १९०२ च्या ऑपेरा हाउसमध्ये आहे. सज्जे, बॉक्स, रंगमंच, सगळं जागच्या जागी, फक्त खुर्च्यांच्या जागी टेबलं. अशी इमारत पाडून वर काचेचे फ्लॅट चढवण्यापेक्षा तिथे लोकांनी स्वस्तात जेवावं, हे मला केव्हाही पसंत आहे.

गाणी न लावण्यामागे जॉर्ज ऑर्वेल आहे. आपल्या मोतिहारीत जन्मलेला हा लेखक १९४६ साली इथून जवळच, कॅननबरी स्क्वेअरमध्ये राहत होता. त्या फेब्रुवारीत त्यानं ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये आपल्या मनातल्या आदर्श पबवर लेख लिहिला. पबचं नाव ‘द मून अंडर वॉटर’. त्यात रेडिओ नाही, पियानो नाही, निवांत बोलता येईल इतकी शांतता आहे. शेवटी त्यानं सांगून टाकलं, की असा पब कुठेच नाही. पुढे वेदरस्पूननं आपल्या कितीतरी पबना हेच नाव दिलं. ऑर्वेलच्या पबमध्ये बारवरच्या बायकांना बहुतेक गिऱ्हाइकांची नावं ठाऊक असतात. एवढ्या मोठ्या साखळीत ते कसं जमणार? पण शांतता जमली आहे, आणि एवढ्या गोंगाटी शहरात ती काही थोडी गोष्ट नाही.

आई पहिल्यांदा लंडनला आली ती नोव्हेंबरात. चार वाजताच अंधारून येतं, वर पाऊस. आम्ही दोघी भिजत चाललो होतो आणि मी तिला सरळ आत नेलं. दारावरची पाटी वाचून ती थबकली. तिचं सगळं आयुष्य डोंबिवलीत गेलेलं. तिथे बार म्हणजे परमिट रूम, रंगवलेल्या काचा, भर दुपारी आत अंधार. त्या बारसमोरून जायचं झालं तर पलीकडच्या फुटपाथनं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं आपल्याकडे पिणाऱ्याच्या हातात परवाना दिला आणि परवान्याबरोबर लाजही दिली. तिथे माणूस बसतो तो लपून. आणि इथे रस्त्यावरून सगळं दिसेल अशा खिडक्या, खिडकीशी बाबागाडी घेऊन बसलेली बाई, दोन म्हातारे पेपर वाचताहेत, एक मुलगी लॅपटॉपवर.

आईनं आधी गालिचा पाहिला. या साखळीतल्या प्रत्येक पबचा गालिचा वेगळा, शक्यतो त्या इमारतीच्या किंवा गावाच्या इतिहासातून नक्षी काढलेला. या गालिच्यांवर २०१६ साली एक अख्खं पुस्तकही निघालं आहे. आमच्या पबचा गर्द तांबडा आहे, त्यावर पिवळसर चक्रं आणि मधून निळ्या वेली. जन्मभर रांगोळ्या काढलेली आई वाकून बघत राहिली आणि नक्षी कुठून पुन्हा सुरू होते ते तिनं बोटानं दाखवलं. बारसमोर लोक उभे राहतात तेवढा पट्टा झिजून फिका पडला होता. ‘इथे खूप माणसं येतात गं,’ ती म्हणाली.

मी चहा घेतला. म्हणजे एका कपाचे पैसे द्यायचे आणि यंत्रातून हवा तितक्यांदा भरून घ्यायचा. यावर तिचा विश्वास बसेना. ‘परत घ्यायचा? आणि पैसे?’ दुसऱ्यांदा ती एकटीच यंत्राशी गेली आणि बटणांसमोर अडली. शेजारच्या टेबलावरचे एक आयरिश आजोबा उठले आणि त्यांनी बटण दाबून दिलं. ऐंशी ओलांडलेले. तरुणपणी व्हिक्टोरिया लाइनच्या बोगद्यात खोदकाम केलेलं, म्हणजे आम्ही ज्या गाडीनं घरी जाणार होतो तिचा रस्ता अशाच हातांनी पोखरलेला. आईचं इंग्रजी बेताचं, त्यांचे उच्चार मलाही अवघड, तरी दोघांचं बराच वेळ चाललं होतं. गुडघ्यांविषयी, बहुतेक. तुम्हाला हा पब कसा वाटतो, असं मी त्यांना विचारलं. प्रश्न त्यांना समजलाच नाही. ‘इथे ऊब असते,’ एवढंच म्हणाले.

ते गेल्यावर आई म्हणाली, ‘हा तर आपला इराणीच.’

मग तिनं जे सांगितलं ते मी आधी कधीच ऐकलं नव्हतं. माझे आजोबा गिरगावातल्या एका छापखान्यात प्रूफं तपासायचे. चाळीत दोन खोल्या आणि नऊ माणसं. संध्याकाळी घरात अभ्यास, स्वयंपाक, पाहुणे, भांडणं. आजोबा प्रूफांचं भेंडोळं घेऊन कोपऱ्यावरच्या इराण्याकडे जात. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाची काळी खुर्ची, एक पानी कम चहा. तेवढ्या चहावर त्यांना दोन तास टेबल मिळे, डोक्यावर दिवा मिळे, आणि शाईचे डाग पडले म्हणून कुणी हटकत नसे. पुस्तकं शुद्ध झाली ती त्या टेबलावर. जेवायची वेळ झाली की आईला पिटाळायचे. ती दारात उभी राहून हाक मारायची. गल्ल्यावरचा शेट बरणीतून एक नानकटाई काढून तिच्या हातात ठेवायचा, आणि ती खात खात आजोबांच्या मागून घरी यायची. आत फॅमिली रूम होती, पण एकट्या मुलीनं आत जायचं नसतं, असं आजीनं बजावलेलं.

‘दारातूनच हाक मारायचे,’ आई म्हणाली. ‘आत कधी बसले नाही.’ आणि उठून तिसरा चहा घेऊन आली.

धोबीतलावचं १९०४ चं इराणी हॉटेल कयानी अजून उभं आहे. पण चाळीचाळीच्या कोपऱ्यावरचे इराणी गेले आणि त्यांच्याबरोबर ती दोन तासांची टेबलंही गेली. तेव्हा माझ्या आजोबांना कुणी विचारलं असतं, की हॉटेल कसं आहे, तर तेही आयरिश आजोबांसारखेच गोंधळले असते. ज्याला दुसरीकडे जाता येतं तो मत देतो. ज्याची ती बसायची खोलीच आहे तो काय मत देणार?

या साखळीवरचे काही आक्षेप मला मान्य आहेत. शेजारचा घरगुती पब एवढ्या स्वस्तात बिअर विकू शकत नाही आणि हळूहळू मोडतो, हे खरं. मार्टिन ब्रेक्झिटचे कट्टर समर्थक. २०१६ साली त्यांनी आपली मतं ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकत्यांवर छापून टेबलाटेबलावर ठेवली. माझे कितीतरी मित्र त्यानंतर तिथे पाऊल ठेवत नाहीत. मला ती मतं मुळीच पटत नाहीत, तरी मी जाते. २०२२ च्या हिवाळ्यात विजेची आणि गॅसची बिलं अशी चढली, की इथले म्हातारे घरातला हीटर लावायला कचरू लागले; त्यांना या पबची ऊब हवी होती. त्याच साली कंपनीनं आपले ३२ पब विकायला काढले. त्यांत लंडनचे बरेच होते. आमचा त्या यादीत नव्हता. मी ती यादी पुन्हा पुन्हा वाचून खात्री करून घेतली.

गुरुवारी तिथे करी मिळते. आईच्या मते कोर्मा गोड, पापड बरा, नान वातड. तिची मतं मी इथे मुद्दाम नोंदवते आहे, कारण तीही गिऱ्हाईकच होती.

लंडनला आलात तर संग्रहालयं झाल्यावर एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी अकराला अशा पबमध्ये जा. टेबलाशी कुणी विचारायला येत नाही, बारवर जाऊन किंवा मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून सांगावं लागतं. चहा घ्या, खिडकीशी बसा, शेजारच्याशी दोन शब्द बोला. परत आल्यावर कुणी विचारलं, कसं होतं, तर टेबल चिकट असेल तर तसं जरूर सांगा. पण तिथे कोण कोण बसलं होतं, तेही सांगा.