दोन नाकांची गाडी

थर्ड इयरच्या सुट्टीत हॉस्टेलवर राहायचं तर काहीतरी 'ट्रेनिंग' दाखवणं भाग होतं. मोठ्या कंपनीत कुणी उभं करेना, म्हणून स्वारगेटजवळच्या एका गॅरेजात चिकटलो. मालकांना सगळे मामा म्हणतात. शिक्षण आठवी, पण इंजिनाला कान लावून कुठला सिलिंडर मारत नाही ते सांगतात. पहिल्याच दिवशी माझं नाव पडलं 'साहेब'. कौतुकाने नव्हे, हे सांगायला नकोच!

कोपऱ्यात मामांची स्वतःची जुनी परदेशी व्ही-सिक्स उभी होती. दोन एअर फिल्टर, दोन नळ्या आणि प्रत्येक नळीत एक मास एअर फ्लो सेन्सर. दोन नाकंच म्हणा ना! (निस्सानच्या १९८९ च्या स्कायलाईन जीटी-आरलाही अशीच दोन होती.) मूळ इसीयू जळालेला. मामांनी दुसरा बसवला होता, पण त्यात हवेच्या सिग्नलसाठी पिन एकच.

"साहेब, दोन वायरी एका पिनेत कशा घालायच्या?"

मी दोन मिनिटांत उत्तर दिलं. दोन सारखे रेझिस्टर घ्या, दोन्ही सिग्नल त्यातून आणून जोडा, मधे सरासरी मिळते. इसीयूच्या टेबलमध्ये हवा दुप्पट करा. झालं! गाडी सुरू झाली, आयडलिंग एकदम मऊ. सारसबागेपर्यंत चक्कर मारली. मामांनी स्पेशल चहा पाजला.

रविवारी सातारा रस्त्याने कात्रजच्या घाटात गेलो. सपाटीवर ठीक होतं. चढाला मामांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी खोकायला लागली. धक्के, मग इंजिनातून टकटक. मामांनी लगेच पाय काढला, गाडी कडेला घेतली. गार झाल्यावर प्लग काढून पाहिला, तर पांढराफटक.

"पेट्रोल कमी पडतंय. अजून दोन वळणं दाबली असती तर पिस्टन गेला असता." एवढंच बोलले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

परत येताना जेधे चौकात अडकलो. मामा एसटी स्टँडकडे बघत म्हणाले, "समज, स्टँडात दोन दारांनी माणसं येतायत. किती आली ते कळायला बेरीज करशील की सरासरी?"

"सरासरीची दुप्पट म्हणजे बेरीजच की, मामा."

"हां. पण तू माणसं मोजलीस का दारावरचा गोंगाट?"

रात्री मेसचं जेवण चुकवून वही काढली, तेव्हा ते डोक्यात शिरलं. सेन्सरमध्ये तापवलेली तार असते. वाहती हवा तिला गार करते, तिचं तापमान टिकवायला करंट वाढवावा लागतो आणि तोच व्होल्टेज म्हणून बाहेर येतो. किंगने १९१४ साली मांडलेला नियम आपण ओरलपुरता पाठ करतो: व्होल्टेजचा वर्ग हा हवेच्या वेगाच्या साधारण वर्गमुळाप्रमाणे वाढतो, अधिक एक स्थिर आकडा. म्हणजे हवा काढायची तर व्होल्टचा वर्ग, त्यातून तो आकडा (सोयीसाठी १) वजा, उरेल त्याचा पुन्हा वर्ग. मानू, एकीकडे २ व्होल्ट आणि दुसरीकडे ३. हवा झाली ९ आणि ६४, एकूण ७३. माझ्या पद्धतीने सरासरी २.५ व्होल्ट, त्याची हवा सुमारे २७.५, दुप्पट ५५. आत गेली ७३, इसीयूने पेट्रोल सोडलं ५५ चं! गाडीत फरक एवढा नसेल, पण दिशा हीच. दोन्ही नाकं सारखी चालली तरच माझं गणित बरोबर, नाहीतर चूक नेहमी पेट्रोल कमी पडण्याकडेच. आयडलवर आणि सपाटीवर ऑक्सिजन सेन्सर ती झाकून घेत होता. घाटात पूर्ण लोडवर इसीयू त्याचं ऐकत नाही, तिथे बिंग फुटलं.

सकाळी डावा फिल्टर उघडला. धुळीने गच्च! हवा उजवीकडूनच पळत होती. मामांनी तो बदलला, तेवढ्यानेही गाडी बहुतेक सुधारली असती. पण पुढच्या वेळी फिल्टर तुंबला की पुन्हा तेच. म्हणून आठवडाभर बसून छोटं मायक्रोकंट्रोलर सर्किट केलं. दोन्ही व्होल्टेज वेगळे वाचायचे, प्रत्येकाची आधी हवा काढायची, मग बेरीज. बेरीज एका सेन्सरच्या टेबलात मावत नाही, म्हणून तिच्या निम्म्या हवेचा व्होल्टेज इसीयूला द्यायचा. दुप्पट तो करतोच. शिवाय दोन आकड्यांत फार तफावत पडली की एक लाल दिवा. हा दिवा मामांची आयडिया.

पुन्हा रविवार, पुन्हा घाट. माझे हात गार पडले होते. बोगदा येईपर्यंत दोघंही बोललो नाही. वर गाडी थांबवून मामांनी प्लग काढला आणि फडक्यात धरून माझ्या हातात दिला. बिस्किटाच्या रंगाचा.

"चहा सांग," मामा म्हणाले. "पैसे तू दे."