थारोळ्यावरचा सुरय

एप्रिलचा तिसरा आठवडा. सकाळी पावणेसहाला कुंभारगावच्या काठावर होडीत पाऊल ठेवलं, तेव्हा माझ्या खांद्याला एक शबनम होती. तीत पाण्याची बाटली, दोन दशम्या, टोपी आणि कॅमेरा. होडीवाल्या दादांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या पाठीमागच्या वाटेकडे पाहिलं. सामान घेऊन मागून कुणी येतंय का, ते बघत असावेत.

"एवढंच आहे," मी म्हटलं.

त्याआधी पाच हिवाळे मी भिगवणला आले होते, तेव्हा सामानासाठी गाडी लागायची. तिपाई, मोठी बॅग, आणि निम्म्या हाताएवढी लांब लेन्स. नुसती लेन्सच दोन किलोंची, कॅमेऱ्यासकट तीन किलोंच्या जवळ. २०१७ साली उजवा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. हात वर जाईना, वेणी घालायला लेकीला हाक मारावी लागे. व्यायामाने खांदा हळूहळू सुटला, पण इतकं वजन पुन्हा उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. जवळजवळ वर्षभर कॅमेरा कपाटात होता. त्या वर्षी रोहित कधी आले नि कधी गेले, मला कळलं नाही. फोटो राहून गेले याची हळहळ होतीच. पण पहाटे पाण्यावर असण्याची जी सवय अंगाला लागली होती, ती तुटल्याचं दुःख फार मोठं होतं.

मग मी जुना कॅमेरा विकला आणि वापरलेला, छोटा मिररलेस घेतला. मायक्रो फोर थर्ड्स जातीचा. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक या दोन जपानी कंपन्यांनी २००८ साली ही पद्धत आणली. कॅमेऱ्यातला आरसा काढून टाकला की लेन्स आणि सेन्सर यांच्यातलं अंतर कमी होतं, आणि कॅमेरा चपटा होतो. त्यात या जातीचा सेन्सरही लहान, १७.३ बाय १३ मिलीमीटर. जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या, म्हणजे ३६ बाय २४ मिलीमीटरच्या सेन्सरच्या तो साधारण पाव भरतो. त्यामुळे ३०० मिलीमीटरची लेन्स लावली की मोठ्या कॅमेऱ्यावर ६०० मिलीमीटरची लेन्स जेवढा तुकडा दाखवते, तेवढाच इथे दिसतो. माझी ७५-३०० ची लेन्स ४२० ग्रॅमच्या आसपास, कॅमेरा ४७०. दोन्ही मिळून एक किलोसुद्धा नाही.

पण लहान सेन्सरला प्रकाशही कमी मिळतो, आणि हे मला ताडोब्यात लख्ख कळलं. डिसेंबरातली संध्याकाळची फेरी संपत आली होती. बांबूच्या बेटातून वाघीण निघाली आणि रस्त्याच्या कडेला बसली. आयएसओ ६४०० वर नेला तरी शटरचा वेग पुरेना. घरी येऊन पाहिलं तर तिच्या तोंडावरचे पट्टे रवाळ झाले होते, डोळ्यांतली चमक दाण्यांत विरली होती. शेजारच्या जिप्सीत मोठ्या लेन्सा होत्या, त्यांना ती नीट मिळाली असणार. त्या संध्याकाळचा माझ्याकडचा बरा फोटो एकच आहे. त्यात अर्धीअधिक चौकट बांबूची आहे, आणि वाघीण खाली डाव्या कोपऱ्यात, तळहाताएवढी. तो मला आवडतो. तरीही ज्याला मुख्यतः अंधाऱ्या जंगलातली जनावरं टिपायची आहेत, त्याला मी हा कॅमेरा घे म्हणणार नाही.

आंबोलीत मात्र याच कॅमेऱ्याने मला जे दिलं, ते जुन्याने कधीच दिलं नसतं. जुलैतली रात्र. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा त्या रात्रीच पडतोय असं वाटत होतं. गावातला एक तरुण वाटाड्या पुढे, मी मागे, पायांत गमबूट. एका डबक्यावर वाकलेल्या फांदीपाशी तो थांबला. पानांच्या जुडीत फेसाचा पांढरा गोळा होता आणि त्याला चिकटून मलबारचा उडता बेडूक. अंग पोपटी, बोटांमधले पडदे शेंदरी. हा बेडूक फेसात अंडी घालतो, ती पाण्याच्या बरोबर वर, म्हणजे भैरोळ्या बाहेर पडल्या की थेट खालच्या पाण्यात टपकतात. वाटाड्याने सांगितलं, "ताई, फांदीला हात लावायचा नाही. बॅटरी एक मिनिट मारतो, मग बंद." मला हे फार आवडलं. फोटोसाठी बेडूक उचलून सोयीच्या पानावर ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा मला राग येतो.

फांदी होती माझ्या डोक्याच्या वर. उजवा हात तेवढा उंच आजही जात नाही. मी डाव्या हाताने कॅमेरा वर धरला, मागचा पडदा बाहेर काढून खाली वळवला आणि त्यात पाहत बोटाने फोकस दिला. साठ मिलीमीटरची मॅक्रो लेन्स १८५ ग्रॅमची. कॅमेरा आणि ही लेन्स दोन्ही पाण्याचे शिंतोडे सोसणारी. लांबची लेन्स तशी नाही, म्हणून ती खोलीत तांदळाच्या डब्याशेजारी कोरडी ठेवली होती. एका मिनिटात सात फोटो झाले. बॅटरी विझली. अंधारात बेडकांचा आवाज पुन्हा चहूकडून उसळला, आणि आम्ही तसेच पावसात उभे राहिलो.

तर, तो एप्रिल. आदल्या दिवशी पुण्याहून आगगाडीने भिगवणला उतरले होते, तिथून वडापने कुंभारगावात. मुक्काम होडीवाल्या दादांच्याच घरी. रात्री त्यांच्या मंडळींनी चिलापी तळली होती, आणि चुलीसमोर बसून मी त्यांचे चार फोटो काढले. मोठी लेन्स असती तर त्यांनी पदर सावरला असता, हात थांबवला असता. त्या मासे परततच राहिल्या.

उजनीचं धरण भीमेवर १९८० साली पुरं झालं. त्याच्या फुगवट्याने इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या भागांतली कितीतरी गावं आणि रानं पाण्याखाली घेतली. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा त्यातलं थोडं थोडं वर येतं. कुठे भिंतीचा पाया, कुठे देवळाचा दगड. आमची होडी अशाच एका जागी थांबली. पाण्याबाहेर दोन घडीव दगड आले होते, एक उभा, एक आडवा, आणि आडव्यावर नदी सुरय बसला होता. काळी टोपी, पिवळीधमक चोच, दुभंगलेली शेपटी. पलीकडे वाळूची लांबोळी पट्टी होती. "तिकडं जायाचं न्हाई," दादा म्हणाले, "अंडी हायती." सुरय उघड्या वाळूवर अंडी घालतो. कुत्री येतात, पाणी अचानक चढतं, माणसं पाय देतात. आपल्या नद्यांवरचा हा नेहमीचा पक्षी आता जगभरच्या असुरक्षित पक्ष्यांच्या यादीत गेला आहे.

मी उडता सुरय टिपायला लागले. एकही नीट येईना. माझ्या कॅमेऱ्याची फोकसची रीत अशी की, तो लेन्स पुढेमागे सरकवत राहतो आणि चित्राचे काठ सगळ्यांत ठसठशीत कुठे होतात ते शोधतो. नेमकी जागा कळायला त्याला ती ओलांडून परत यावं लागतं. तेवढ्यात सुरय कुठल्या कुठे. बिनआवाजाचं शटर लावून पाहिलं, तर पंख रबरासारखे वाकडे आले, कारण त्यात सेन्सर चित्र एकेक ओळ करून वाचतो आणि पंख त्याच्याहून वेगाने हलतो. आता पक्षी ओळखून त्याच्या डोळ्यावर फोकस धरून ठेवणारे छोटे कॅमेरेही आले आहेत. माझा तसा नाही. तासाभरात दोनशे फोटो वाया गेले, बॅटरी बदलावी लागली.

दादा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ताई, उडताना कशापायी धरताय त्येला? त्यो मासा घिऊन हितंच येनार हाय. ही बसलीया न्हवं, तिला द्यायला."

दगडावरची मादी होती, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी फोकस दगडाच्या काठावर दिला आणि तिथेच कुलूपबंद केला. होडीच्या काठावरून हात खाली सोडून कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर धरला. दादांनी वल्हं काढून आडवं ठेवलं. तो कॅमेरा मी तसा पंचवीस मिनिटं धरून होते. खांदा दुखला नाही. कॅमेऱ्यातला सेन्सर हाताच्या कंपाच्या उलट दिशेने हलत राहतो आणि चित्र सावरून धरतो, पण होडीचं डुलणं त्याला कसं सावरणार? ते माझ्या श्वासाबरोबर आणि दादांच्या तळपायांनी सावरलं जात होतं.

तो आला. चोचीत बोटाएवढा चांदीसारखा मासा. मादीने मान आखडली, अंग खाली केलं, चोच वर केली, आणि पिल्लासारखी ओरडायला लागली. तो तिच्या शेजारी उतरला, मान ताठ करून क्षणभर उभा राहिला आणि मग मासा तिच्या चोचीत दिला. दोघांच्या चोची एकाच माशाला लागलेल्या, मागे उगवतीचं तांबूस पाणी, आणि खालच्या दगडाचा प्रत्येक टवका स्पष्ट.

दुपारी घरी आल्यावर दादांनी मला ओट्यावर त्यांच्या आईंसमोर बसवलं. "आये, बघ, पाखरं काढल्याती." आजींनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं. मी फोटो मोठा करून सुरयाच्या चोचीवर आणला. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"खाली घे. दगड दाव."

मी फोटो खाली सरकवला.

"हे आमचं थारोळं हाय," आजी म्हणाल्या. "हितं मोट पालथी व्हायाची. ह्यो उभा हाय न्हवं, त्येच्यावर चाक हुतं. मागं धाव. सासरा बैल हाकायचा, म्या पाट धरायची. समदा ऊस हुता, पार त्या टेकापत्तूर."

दादा गप्प झाले होते. रोज त्या दगडांवरून होडी नेत असूनही ते त्यांच्याच विहिरीचे आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पाणी आलं तेव्हा ते जन्मलेही नव्हते.

"ह्यो फोटू मला दे," आजी म्हणाल्या. मी म्हटलं, पुण्याला गेल्यावर चांगला मोठा छापून पाठवते. त्यांनी पुन्हा एकदा पडदा जवळ घेऊन पाहिलं.

"पाखरू नगं त्यात," त्या म्हणाल्या. "नुस्तं थारोळं काढून दे."

दुसऱ्या दिवशी पहाटे दादांनी होडी पुन्हा तिथे लावली. दोन्ही सुरय दगडावर होते. आम्ही लांबच थांबलो. ऊन चढल्यावर ते एकामागून एक मासे मारायला उडाले, आणि दगड मोकळे झाले.